शिकविणारीची परीक्षा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परिचारिकांचे शिक्षण’ एवढेच छापले आहे. ते वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की, ही हायस्कुलातली बाई, हिचा इंजेक्शनांशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. मी परिचारिका नाही. बी. ए., बी. एड. झालेली, मराठी आणि इतिहास शिकविणारी शिक्षिका आहे. परंतु आपल्या ट्रस्टच्या शिक्षण-साहाय्य समितीवर काम करताना माझ्यापुढे जे अर्ज येतात, त्यांत नर्सिंगला जाणाऱ्या मुलींचे, आणि अलीकडे मुलांचेही, अर्ज पुष्कळ असतात. जी. एन. एम. ला तीन वर्षे, बी. एस्सी. नर्सिंगला चार वर्षे. त्यात ट्रस्टचा पैसा जातो, कुठे आईची पाटली जाते, आणि मुलीच्या वयाची ती वर्षे तर कोणालाच परत आणता येत नाहीत.

अर्जात आम्ही काय विचारतो? कॉलेजचे नाव, मान्यता, फी, वसतिगृहाचा खर्च. पालक काय विचारतात? इमारत कशी आहे, बस घ्यायला येते का, पुढे जर्मनीला किंवा आखाताकडे जाता येईल का. एक प्रश्न मात्र या टेबलाच्या अलीकडूनही विचारला जात नाही आणि पलीकडूनही नाही. तेथे शिकविते कोण, आणि तिला शिकविता येते का?

आजचा माझा विषय एवढाच आहे. परिचारिकांना शिकविणाऱ्या व्यक्तीची व्यावसायिक पात्रता निरनिराळ्या देशांत कशी पारखतात, आणि त्या पारखण्यावर आपण कितपत विसंबावे. शिकविणाऱ्यांत पुरुषही असतात, पण बोलण्याच्या सोयीसाठी मी ‘ट्यूटरबाई’ असे म्हणेन.

हा प्रश्न केवळ शाळामास्तरांच्या हौसेचा नाही. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील ९ देशांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० इस्पितळांतील, शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रोग्यांच्या नोंदी तपासल्या. एका परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी जास्त आला, की इस्पितळात दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सात टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि इस्पितळातील पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असले, की तोच संभव सात टक्क्यांनी कमी दिसला. अशा पाहणीने कार्यकारणभाव पुराव्यानिशी सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, हे खरे. तरी परिचारिकेचे शिक्षण आणि रोग्याचा जीव यांचे नाते नाकारणे यापुढे कठीण आहे. मात्र त्या पदवीधर परिचारिकांना शिकविले कोणी, आणि कसे, हे त्या पाहणीत विचारलेले नाही. आपल्याला तेच विचारायचे आहे.

आता एक जुना समज आहे, तो आधी बाजूला करू. ज्याला काम उत्तम येते त्याला ते शिकविताही येते, असा तो समज. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी सासवा सुनेला ‘अंदाजाने घाल’ यापलीकडे काही सांगू शकत नाहीत, हे आपण घरोघर पाहतो. वॉर्डातही तेच होते. वीस वर्षे ड्यूटी केलेल्या सिस्टरला रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहताच कळते की याचे काहीतरी बिघडते आहे. तिला ते कळते, पण कशावरून कळते हे सांगता येतेच असे नाही. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या पुस्तकात नवशिकीपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. निष्णात माणूस नियम आठवून काम करीत नाही, नवशिका मात्र नियमाच्या आधाराशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही. शिकविणारीला वरच्या पायरीवर उभे राहून खालच्या पायरीची भाषा बोलावी लागते. हे कौशल्य वेगळे, आणि त्याची परीक्षाही वेगळी घ्यावी लागते.

या परीक्षेकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचा दाखला थेट फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याच शाळेत मिळतो. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात ही शाळा १८६० साली सुरू झाली. तेथे प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचे दरमहा प्रगतिपत्रक भरले जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा, शिवाय वॉर्डातील एकेक काम असे रकाने त्यात असत. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकालाही लाजवील असा तो तक्ता होता. पण दहाबारा वर्षांनी, म्हणजे १८७२ च्या सुमारास, बाईंनी स्वतः चौकशी केली तेव्हा असे आढळले की, ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर मुलींना व्याख्याने देण्याचे काम सोपविले होते, त्याने ते जवळजवळ सोडूनच दिले होते. शिक्षक बदलावा लागला. शिकणाऱ्या मुलींच्या एकेका गुणाची नोंद होती, पण शिकविणाऱ्याच्या नावाने एकही रकाना नव्हता. पत्रके मात्र नियमाने भरली जात होती.

पुढे अमेरिकेत ही उणीव ओळखली गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात १८९९ साली परिचारिकांसाठी एक वर्ग उघडला गेला. नर्सिंग शिकविण्यासाठी नव्हे, तर ज्या पुढे नर्सिंगच्या शाळा चालविणार त्यांना शिकविण्याचे आणि व्यवस्थापनाचे शास्त्र देण्यासाठी. तेथेच १९०७ साली अ‍ॅडलेड नटिंग या प्राध्यापक झाल्या. प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या परिचारिका. हे सारे शिक्षकांच्या कॉलेजात घडले, वैद्यकीय कॉलेजात नव्हे, याचा माझ्यासारखीला थोडा अभिमान वाटला तर आपण मला क्षमा कराल.

आपल्याकडे गरजच इतकी मोठी होती की गुणवत्तेचा विचार मागे पडला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असा हिशेब दिला आहे. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आले. १९५९ साली दिल्लीला एम. एस्सी. चा वर्ग निघाला, आणि १९६४ साली मुंबईला एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी कॉलेज. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व सुईणकाम आयोगाचा नवा कायदा संमत केला. असो. इतिहास माझा विषय असल्यामुळे मी त्यात रमते. आपल्याला पुढे जायचे आहे.

सध्या निरनिराळे देश शिकविणारीकडे काय मागतात? प्रथम कागद मागतात. फिनलंडमध्ये नर्सिंग शिकविणाऱ्या व्याख्यातीकडून मास्टरची पदवी, किमान तीन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि त्याशिवाय ६० क्रेडिटचे शिक्षणशास्त्र, म्हणजे सुमारे एका पूर्ण वर्षाचा अभ्यास, अपेक्षित असतो. एका अर्थी आमचे बी. एड. च ते. जर्मनीत नर्सिंग हे पूर्वापार कामाच्या जागी राहून शिकायचे शिक्षण. तेथे २०२० पासून अमलात आलेल्या कायद्याने वॉर्डात शिकविणाऱ्या मार्गदर्शकाला, ज्याला ते ‘प्राक्सिसआनलायटर’ म्हणतात, ३०० तासांचे खास प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. दरवर्षी २४ तासांची उजळणी वेगळी. शिवाय शिकाऊ उमेदवाराच्या वॉर्डातील वेळेपैकी किमान दहा टक्के वेळ आखीव शिकवणुकीत गेला पाहिजे, अशीही अट आहे. ही अट मला फार आवडली. कारण तिने शिकविणारीची पदवी मोजण्यावर न थांबता शिकविण्याचा वेळच मोजायला घेतला.

आपल्याकडे कौन्सिलच्या नियमांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. प्राचार्यांपासून ट्यूटरपर्यंत प्रत्येक पदाला पदवी आणि अनुभवाची वर्षे ठरलेली आहेत, आणि एम. एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिक्षणशास्त्राचा विषयही आहे. तरी वॉर्डात मुलीच्या सगळ्यात जवळ असते ती बहुधा बी. एस्सी. होऊन थोडा अनुभव घेतलेली तरुण ट्यूटर, किंवा जिच्या हुद्द्यात ‘शिक्षिका’ हा शब्दच नाही अशी वॉर्डची सिस्टर. खरे शिक्षण या दोघींच्या हातात, आणि त्या दोघींना शिकविता येते का, हे कोणी पाहिलेले असतेच असे नाही.

कागदाने भागत नाही हे ओळखून पुढचे पाऊल टाकले गेले. अमेरिकेच्या नॅशनल लीग फॉर नर्सिंगने २००५ साली ट्यूटरबाईच्या अंगी असाव्यात अशा क्षमता लिहून काढल्या आणि त्यांवर स्वेच्छेने द्यावयाची परीक्षाही सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सर्व देशांसाठी अशीच एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात आठ विभाग आहेत. प्रौढ माणूस कसा शिकतो याचे ज्ञान, अभ्यासक्रम आखणे आणि राबविणे, संशोधन वाचणे व वापरणे, इतरांशी संवाद आणि सहकार्य, नीती आणि कायदा, मूल्यमापन, व्यवस्थापन आणि नेतृत्व, हे सात आपल्याला अपेक्षितच होते. उरलेला एक मला महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे स्वतः ट्यूटरबाईचे रोगी-सेवेचे ज्ञान आणि हात ताजे असणे. शिकविणारी दहा वर्षे वॉर्डात गेलीच नाही, तर ती जे शिकविते ते दहा वर्षांपूर्वीचे नर्सिंग असते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात नर्सिंगच्या शाळा इस्पितळांतून निघून विद्यापीठांत गेल्या, तेव्हा हीच तक्रार मोठ्याने झाली होती. शिक्षिका विद्वान झाल्या, पण रोग्याच्या खाटेपासून दूर गेल्या, असे तेव्हा बोलले जाई.

यादी झाली. आता एखादीच्या अंगी ते गुण आहेत की नाहीत, हे ठरवायचे कसे? आणि फिनलंडची ट्यूटरबाई व बेळगावची ट्यूटरबाई यांची तुलना करायची कशी? बहुतेक अभ्यासक सोपा मार्ग धरतात. एक छापील प्रश्नावली देतात आणि ट्यूटरबाईंनाच सांगतात, की स्वतःला एक ते पाच गुण द्या.

आपला तो बाब्या, ही म्हण मूळची आपली असली तरी माणूस सगळीकडे सारखाच. २००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉक्टरांच्या बाबतीत एक आढावा आला होता. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी पाहून दिलेले गुण यांचा मेळ बहुसंख्य तुलनांत फारच थोडा बसला, किंवा बसलाच नाही. आणि जे कामात सर्वांत कच्चे होते त्यांचाच अंदाज सर्वांत चुकीचा निघाला. डॉक्टरांचे जर असे, तर शिक्षकांचे निराळे असेल असे मानण्यास, मला तरी, आमच्या शिक्षकखोलीतील अनुभवावरून काही आधार दिसत नाही.

आणि प्रश्नावली एका देशातून दुसऱ्या देशात गेली की आणखी अडचणी येतात. पहिली भाषेची. आपण सीमेवरची माणसे आहोत. एका शब्दाचे मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत काय काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इंग्रजीतला ‘कॉम्पिटन्स’ हा शब्द घ्या. मराठीत त्याला ‘पात्रता’ म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पदवीचा दाखला येतो. ‘क्षमता’ म्हटले की पुढे कधीतरी करू शकेल असा अर्थ होतो. ‘कौशल्य’ म्हटले की नुसते हात दिसतात. आणि ‘लायकी’ म्हटले तर ट्यूटरबाई कागद आपल्या तोंडावर फेकून जातील. कन्नडमध्ये ‘अर्हते’ आणि ‘सामर्थ्य’ यांत तेच अंतर आहे, उर्दूत ‘अहलियत’ आणि ‘सलाहियत’ यांत तेच. म्हणून जाणते अभ्यासक प्रश्नावलीचे भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या माणसाकडून, मूळ न दाखविता, पुन्हा मूळ भाषेत करवून घेतात आणि दोन्ही ताडून पाहतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली मांडलेली ही रीत आज सर्वत्र चालते. तिने शब्दांच्या चुका सापडतात. परंतु शब्द बरोबर असूनही माप वेगळे असू शकते.

ते असे. १९९५ साली अमेरिका, कॅनडा, जपान आणि तैवान येथील विद्यार्थ्यांची तुलना झाली. तीत दिसले की जपानी व चिनी मुले मधल्या आकड्यावर खूण करतात, अमेरिकन मुले टोकाच्या. आपल्याकडे तर ‘मला उत्तम येते’ असे स्वतःच म्हणणे हा उद्धटपणा समजला जातो, आणि वरिष्ठांच्या हाती जाणाऱ्या कागदावर ‘येत नाही’ असे लिहिणे हा वेडेपणा. मग एका देशाची सरासरी चार आणि दुसऱ्याची तीन आली, तर पहिल्या देशातल्या ट्यूटरबाई अधिक चांगल्या, की अधिक धीट?

यावर एक युक्ती निघालेली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ती मांडली. राज्यकारभारात तुमच्या मताला किती किंमत आहे, असे त्यांनी चीनमध्ये आणि मेक्सिकोत विचारले. ज्यांना सरकार बदलणाऱ्या निवडणुका ठाऊक नाहीत त्या चिनी लोकांनी स्वतःला मेक्सिकोच्या लोकांपेक्षा जास्त गुण दिले! तेव्हा त्यांनी दोन्हीकडे त्याच चारदोन कल्पित माणसांच्या गोष्टी ऐकविल्या आणि त्या माणसांना गुण द्यायला सांगितले. प्रत्येकाची फूटपट्टी त्यातून उघडी पडली, आणि हिशेब दुरुस्त करताच निकाल उलटा झाला. ट्यूटरबाईंच्या बाबतीतही हे करता येईल. ‘एक शिक्षिका वॉर्डात उभी राहून स्वतः ड्रेसिंग करून दाखविते, मुली पाहतात, प्रश्न विचारण्यास वेळ उरत नाही. हिला किती गुण द्याल?’ येथे पाच गुण देणारीने स्वतःला दिलेल्या पाच गुणांचा अर्थ मग लगेच कळतो.

तरीही ही सारी कागदावरचीच पारख झाली. माझ्या मते खरी पारख खाटेशेजारी उभे राहून पाहण्यात आहे. बी. एड. च्या वर्षी आमच्या पाठाला निरीक्षक मागच्या बाकावर येऊन बसत, आणि त्यांच्या वहीतल्या खुणांनी आमची गाळण उडे. शाळातपासणीच्या दिवशी फळा कसा काळाभोर होतो आणि कधी न दिसणारे नकाशे भिंतीवर कसे येतात, हेही मला माहीत आहे. म्हणून एकदाच, आधी कळवून केलेले निरीक्षण मी पुरेसे मानीत नाही. परंतु पाचसहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी, जाणत्या माणसाने पाहिले तर सोंग टिकत नाही.

काय पाहावे? एक उदाहरण देते. इन्शुलिनचे इंजेक्शन. आपल्या कितीतरी घरांत ते रोज टोचले जाते, त्यामुळे समजायला सोपे जाईल. आपल्याकडे बाटलीत मिळणारे इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. दर मिलिलिटरला १०० युनिटचेही इन्शुलिन मिळते, त्याची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची. युरोप-अमेरिकेत हे १०० युनिटचेच सर्रास चालते. आता समजा, डॉक्टरांनी १० युनिट सांगितले आहेत, बाटली १०० ची आहे, आणि मुलीच्या हातात ४० ची सिरिंज आहे. तिने १० च्या रेघेपर्यंत औषध भरले तर पाव मिलिलिटर भरले जाईल, म्हणजे प्रत्यक्षात २५ युनिट, अडीचपट! रोग्याची साखर उतरून तो बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकते. उलट बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची असली तर १० ऐवजी ४ च युनिट पोटात जातील, आणि साखर का उतरत नाही याचा दोन दिवस शोध चालेल.

आता एक ट्यूटरबाई सांगते, ‘लाल टोपणाची सिरिंज घे, दहाच्या रेघेपर्यंत भर.’ काम बरोबर होते, मुलीच्या वहीत सही पडते. दुसरी वॉर्डाच्या दाराशीच मुलीला थांबविते आणि विचारते, ‘बाटलीवर आकडा कोणता? सिरिंजवर कोणता? दोन्ही जुळत नसतील तर काय करशील? रोग्याचे जेवण आले आहे का?’ मुलगी अडखळते. पाच मिनिटे जास्त लागतात. पहिलीची विद्यार्थिनी या वॉर्डापुरती तयार झाली. दुसरीची विद्यार्थिनी म्युनिकला गेली आणि तेथे लाल टोपणच नसले, तरी गोंधळणार नाही. दोन्ही ट्यूटरबाईंची पदवी एकच, अनुभवाची वर्षे तीच, आणि प्रश्नावलीत दोघींनीही स्वतःला चारच गुण दिले असतील. फरक फक्त त्या दाराशी उभे राहून पाहिले तरच दिसतो.

आणखी एक कसोटी आहे, ती सर्वांत अवघड. नापास करण्याची. २००३ साली ग्लासगोच्या कॅथलीन डफी यांनी स्कॉटलंडमध्ये केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या अनुभवी परिचारिकांशी त्या सविस्तर बोलल्या. असे उघड झाले की, जी मुलगी कच्ची आहे असे मनातून वाटत होते तिलाही काही जणींनी पास केले होते. कारणे आपण सारे शिक्षक तोंडपाठ सांगू शकू. शेवटचे वर्ष आहे, आता कशाला? तिच्या घरची परिस्थिती वाईट आहे. पुढच्या वॉर्डात सुधारेल. माझ्यापाशी लेखी पुरावा नाही. वरचे लोक पाठीशी उभे राहतील की नाही कोण जाणे. इतिहासात पस्तीसऐवजी बत्तीस मिळालेल्या मुलाला मी तीन गुण शोधून दिले तर पानिपतच्या लढाईत काही फरक पडत नाही. वॉर्डात तसे नाही. तेथे दिलेले तीन गुण कोणाच्या तरी शिरेत जातात.

डफीबाईंच्या अभ्यासानंतर ब्रिटनमध्ये बराच खल झाला. २०१८ साली तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने जी नवी पद्धत आणली, तीत वॉर्डात रोज शिकविणारी व्यक्ती आणि अखेर ‘ही तयार झाली’ असा निर्णय देणारी व्यक्ती, त्या एका विद्यार्थिनीपुरत्या, वेगळ्या ठेवल्या. शिवाय विद्यापीठाकडून तिसरी व्यक्ती असते. हे मला शहाणपणाचे वाटते. रोज जिच्याबरोबर चहा प्यायलो तिला ‘नाही’ म्हणणे कठीण असते, हे मान्य करून ही व्यवस्था केलेली आहे. तरी व्यवस्था कितीही वेगळी केली तरी कोणालातरी, कधीतरी, ‘अजून नाही’ असे लिहावे लागतेच. आपल्याकडे मुलीच्या प्रोसिजर बुकात प्रत्येक कामापुढे ट्यूटरबाईची सही असते. ती सही पाहून घेतलेली आहे, की वर्षाअखेर एका बैठकीत वीस सह्या उरकल्या आहेत, यावर त्या बुकाची सारी किंमत अवलंबून आहे.

एक गोष्ट थोडक्यात. हल्ली कॉलेजच्या माहितीपत्रकात बोलणाऱ्या, श्वास घेणाऱ्या पुतळ्यांची चित्रे असतात आणि पालकांवर त्यांची छाप पडते. पुतळे वाईट नाहीत. अमेरिकेत दहा नर्सिंग शाळांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, वॉर्डातील निम्म्यापर्यंत तास पुतळ्यांवरील सरावाने भरून काढले तरी मुली कमी पडल्या नाहीत. पण तेथे सराव घेणाऱ्या शिक्षिकांना त्याचे रीतसर शिक्षण दिलेले होते, आणि सरावानंतर प्रत्येक वेळी बसून चर्चा होत होती. त्या शिक्षिकेवाचून लाखो रुपयांचा पुतळा म्हणजे कापडाच्या दुकानातला पुतळा.

आता आपल्या ट्रस्टविषयी. आपण काही नर्सिंग कौन्सिल नाही, कॉलेजे तपासण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण पैसा देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो, आणि आपण तो आजवर फीच्या पावतीपुरताच वापरला. शिक्षण-साहाय्य समितीपुढे मी एक पुरवणी कागद ठेवला आहे. त्यात कॉलेजला विचारायचे आहे की, वॉर्डात एका ट्यूटरबरोबर प्रत्यक्षात किती मुली असतात, कागदावर नव्हे. ट्यूटर स्वतः आठवड्यातून किती वेळ वॉर्डात असते. तिच्या शिकविण्याचे निरीक्षण कोण करते आणि गेल्या वर्षी किती वेळा झाले. प्रोसिजर बुकात ‘पुन्हा करून दाखवावे’ असा शेरा कधी पडतो का. ज्या कॉलेजात असा शेरा कधीच पडत नाही, तेथे साऱ्या मुली पहिल्या खेपेसच निष्णात होत असतील, असे मी मानणार नाही.

उत्तरे खरी येतील का, असे काल एका विश्वस्तांनी मला विचारले. काही येतील, काही येणार नाहीत. म्हणून कागदाची दुसरी बाजू मुलींसाठी ठेवली आहे. ज्यांना आपण मदत केली त्या मुली, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला असताना, सुट्टीत घरी आल्या की समितीपुढे येऊन बसतील. त्यांना गुण देण्यास सांगायचे नाही. एवढेच विचारायचे की, वॉर्डात तू शेवटची चुकणार होतीस तेव्हा शेजारी कोण होते, आणि तिने काय केले? चार मुलींची चार उत्तरे आली की त्या कॉलेजविषयी माहितीपत्रकापेक्षा पुष्कळ अधिक कळेल. मुलींची नावे कॉलेजला कळविली जाणार नाहीत, ही जबाबदारी समितीची राहील.

येथे काही जण म्हणतील की, आधीच मुलींना प्रवेश मिळताना मारामार, त्यात ही नवी चाळण कशाला? मी कोणाचाही अर्ज नाकारा असे म्हणत नाही. दोन कॉलेजांत निवड करण्याची सोय असेल तेथे ती निवड इमारत पाहून होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पुरवणी कागदाच्या प्रती बाहेर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी कोणी परिचारिका असेल त्यांनी तो तिला दाखवावा आणि तिचे म्हणणे समासात लिहून पंधरा दिवसांत कार्यालयात द्यावे. जूनमधील प्रवेशापूर्वी तो छापावयाचा आहे.